खरवडलेली पट्टी

कंपाउंडर हा प्राणी आता दुर्मीळ झाला. हल्लीच्या दवाखान्यात गोळ्यांची पाकिटं टराटरा फाडून हातावर ठेवतात, त्यात हाताचं कसब ते काय असणार? आमच्या वेळी औषध बनवावं लागे, आणि ते आम्ही बनवत असू. मालवणात बंदराच्या वाटेवर एका डॉक्टरांचा दवाखाना होता. तिथल्या लाकडी खिडकीमागे मी एकतीस वर्षं उभा होतो. डॉक्टर चिठ्ठीवर दोन ओळी खरडायचे, चिठ्ठी खिडकीतून आत यायची, आणि तिचं लाल, पिवळं किंवा दुधाळ मिश्रण होऊन ती खिडकीतून परत जायची. आमचे डॉक्टर फार हुशार, पण अक्षर असं की ते वाचण्याबद्दल मला वेगळा पगार मिळायला हवा होता.

बाटली मात्र रोग्याने घरून आणायची. कोणी खोबरेल तेलाची आणी, कोणी रॉकेलची. दारूबंदीचे दिवस होते आणि गोवा पलीकडेच, त्यामुळे काही बाटल्यांना असा काही सुवास येई की दोनदा हुंगून बघावंसं वाटे. मी बाटली विसळून, उन्हाकडे धरून बघून, मगच भरत असे. आणि भरल्यावर तिला पट्टी चिकटवत असे.

ही पट्टी म्हणजे माझा अभिमान. कागदाची लांबट पट्टी घ्यायची, घडी घालायची, कडेला कात्रीने खाचा पाडायच्या, उलगडायची आणि खळ लावून बाटलीच्या अंगाला उभी चिकटवायची. एक खाच म्हणजे एक डोस. ऐकायला सोपं वाटतं, पण अरुंद बाटलीला खाचा लांब लांब पाडाव्या लागतात आणि रुंद बाटलीला जवळ जवळ, नाहीतर डोस चुकलाच. बाटली एकदा हातात फिरवली की तिची पट्टी मला डोळ्यांनीच दिसायची. वाचता न येणारी म्हातारीसुद्धा पट्टीवर बोट ठेवून बरोबर औषध घेत असे. गावात असं झालं होतं की पट्टीची बाटली कोणाच्या फळीवर दिसली की लोक लगेच विचारत, कोण आजारी? ही चौकशी पुढे कुणाच्या जिवावर उठेल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

आमच्याकडे माणसं आपापली दुखणी मोठमोठ्याने सांगत. मूळव्याधीचा तपशील बाकावरच्या सगळ्यांना ऐकवणारे महाभाग मी पाहिलेत. एकच तक्रार अशी होती की जी कुजबुजत येई. बाकावरची माणसं संपेपर्यंत बाई थांबून राही, मग खिडकीपाशी येऊन म्हणे, "पोराक थंडी आसा." कसली थंडी विचारलं की नजर खाली. मग मी समजायचा तो समजून जाई. आठ-दहा वर्षांचं, कधी बारा वर्षांचं मूल, आणि रोज सकाळी अंथरूण ओलं.

डॉक्टर अशा मुलांना कधी रागावत नसत. ते आयांना सांगत की हा आळस नाही, खोडी तर मुळीच नाही. काही मुलांची झोप फार गाढ असते, काहींचं मूत्राशय उशिरा शहाणं होतं, बहुतेकांचं वय वाढलं की आपोआप थांबतं. मारू नका, हसू नका, निजताना उठवून बाहेर नेऊन आणा. हे ऐकून आया मान डोलावत आणि घरी जाऊन जे करायचं तेच करत. एकदा एका बापाने तेरा वर्षांचा मुलगा आणला. डॉक्टरांनी सदरा वर करायला लावला. कमरेच्या वर, पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, रुपयाएवढे चार डाग. तापवलेल्या विळ्याने दिलेले, आणि त्यातला एक अजून ओला. मी खिडकीतून बघत होतो, माझ्या हातातला खल तसाच राहिला. "डागलां तरी थांबणा नाय बगा," बाप सांगत होता, जणू मुलगाच कसा कोडगा आहे हे डॉक्टरांनीही बघावं. डॉक्टरांचा आवाज चढलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

अशा मुलांसाठी त्या काळी एक औषध होतं. एका विषारी झाडाचा अर्क. थेंबांनी मोजून मिश्रणात घालायचा, त्याने मूत्राशय सैल राहतं आणि जास्त धरतं. पण जात विषाचीच. डॉक्टर त्याची मात्रा आठवड्याला एखाद-दुसऱ्या थेंबाने वाढवत, आणि तोंडाला कोरड पडली की थांबा म्हणून बजावत. अर्काची बाटली कुलपाच्या कपाटात असे आणि कपाटाची किल्ली माझ्या जानव्याला. डॉक्टरांचा माझ्यावर तेवढा विश्वास होता.

गोवा मुक्त व्हायच्या तीन-चार वर्षं आधीची गोष्ट. तारकर्लीची एक बाई मालवणच्या बाजारात मासे विकायला येत असे. तिला जानकी म्हणू. नवरा बोटीवर खलाशी, वर्षातून एकदा घरी. ती एक दिवस पाटी रिकामी झाल्यावर खिडकीशी आली. बरोबर मुलगी होती, शेवंती. दोन घट्ट वेण्या, डोळे मोठे, आणि माझ्या कात्रीकडे टक लावून बघणारी.

"कंपाउंडरानू, वायच बाजूक येतास?" जानकी म्हणाली. मी बाहेर गेलो. "माझां चेडू अकरा वर्सांचां झालां, तरी रोज हातरुण भिजयता."

शेवंती चौथीत पहिली आली होती. गावच्या शाळेत पुढचे वर्ग नव्हते. गुरुजींनी घरी येऊन सांगितलं होतं की ही पोर शिकली पाहिजे. मुंबईला जानकीची बहीण होती, ती घेऊन जायला तयार होती. पण बहिणीची एकच खोली, तीत तिची सासू, दोन दीर, मुलं. "सगळी एका रांगेत निजतत," जानकी म्हणाली. "एक रात भिजयल्यान तर दुसऱ्या दिसा परत धाडतली."

डॉक्टरांनी तपासलं आणि अर्क लिहून दिला. मी बाटली भरून पट्टी लावत होतो तेव्हा शेवंती एकटी खिडकीशी आली, टाचा उंच करून.

"काकानू, कोणाक सांगू नकात हां."

मी म्हटलं, "सांगणा नाय गो." कंपाउंडरच्या पोटात अख्ख्या मालवणची दुखणी असतात, त्यात तुझं ते काय, असंही काहीतरी बोललो. तिने माझ्याकडे नीट बघून घेतलं आणि मगच गेली.

दर आठवड्याला जानकी बाटली भरायला येई. एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. दुसऱ्यांच्या बाटल्या परत येत तेव्हा त्यांच्यावर जुन्या पट्टीची लक्तरं लोंबत असत. हिची बाटली घासूनपुसून लख्ख, खळीचा डागसुद्धा नाही. मी तिला दोनदा म्हटलं, "टापटीप आसा गो तुझी." ती कसंनुसं हसायची. मी एकतीस वर्षांत जी वाक्यं उच्चारली त्यांत याच्याइतकं मूर्खपणाचं दुसरं नसेल.

गुण येत होता, पण हळूहळू. आठवड्यात चार रात्री कोरड्या, तीन ओल्या. मे महिना अर्धा सरला. आगबोट पावसाळ्यापुरती बंद व्हायला आली की सगळ्या मालवणची एकच धांदल उडते. बोट बंद म्हणजे गणपती होईपर्यंत मुंबईचा समुद्राचा रस्ता बंद, आणि शाळा तर जूनमध्ये सुरू. मुंबईची मावशी माहेरी आली होती, ती शेवंतीला घेऊन रविवारच्या बोटीने जाणार होती. गुरुवारी जानकी धावत आली. डॉक्टर एका नातेवाइकाच्या लग्नाला बांद्याला गेले होते, शनिवारी रात्री परतणार होते.

"काल परत भिजयल्यान," जानकी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "आयतवारची बोट शेवटची. कायतरी जोराचां द्या."

"डॉक्टर येयसर थांब गो."

"थांबान कसां होतला?"

मी थांबायला हवं होतं. पण खरं सांगतो, मला ती पोर शाळेत जायला हवी होती. आणि त्याहून खरं सांगायचं तर एवढी वर्षं डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचून मला वाटायला लागलं होतं की मलाही कळतं. मी किल्ली काढली, कपाट उघडलं आणि मात्रा माझ्या मनाने वाढवली. फार नाही वाढवली. मापाने दिली असती तर पोरीच्या तोंडाला कोरड पडली असती, बस. नेहमीची बाटली फुटली म्हणून जानकीने त्या दिवशी रुंद, चपटी बाटली आणली होती. मी तिला हिशोबाने जवळ जवळ खाचांची पट्टी कापली. इतकी सुंदर पट्टी की मीच क्षणभर बघत राहिलो. शनिवारी बाजारात जानकी भेटली, तिचा चेहरा फुललेला. दोन्ही रात्री कोरड्या. मी तरंगतच घरी गेलो. डॉक्टर रात्री परत आले, त्यांना मी काही बोललो नाही.

रविवारी सकाळी मी मुद्दाम बंदरावर गेलो, शेवंतीला निरोप द्यायला. बोट दूर पाण्यात उभी होती, पडाव माणसं भरून तिच्याकडे ये-जा करत होते. वाळूवर आंब्याच्या पेट्या, फणस, नारळाची पोती, रडणाऱ्या आया, ओरडणारे तांडेल. निम्मं मालवण जमलं होतं. आणि एका बाजूला गर्दीचं कडं झालं होतं. आतून ओरडण्याचा आवाज येत होता.

मी माणसं बाजूला सारत आत शिरलो. वाळूवर शेवंती होती. दोन बायकांनी तिचे हात धरले होते. चेहरा शेंदरासारखा लाल, अंग तापलेलं आणि खडखडीत कोरडं. ती हात सोडवून हवेतून काहीतरी वेचत होती, धागे वेचावेत तशी. "मुंगे, आये, मुंगे," म्हणत होती आणि जानकी समोर असूनही तिला ओळखत नव्हती. मावशी लांब उभी होती, पदर तोंडावर घेऊन.

तिच्यासमोर एक घाडी बसला होता. घाडी म्हणजे आमच्याकडचा देवस्की बघणारा, भुताला कोंबडा देऊन बाधा काढणारा माणूस. तोही त्याच बोटीने जायला आला होता. वाईट माणूस नव्हे, पण त्याला जे येत होतं तेच तो करत होता.

"कोण तू? खंयचो? बोल!" तो ओरडत होता.

"पाणी," शेवंती म्हणाली. जीभ टाळूला चिकटलेली, शब्द फुटत नव्हता.

"पाणी देव नकात! तां चेडू मागणा नाय, आतलो मागता. सुकी मिरसांग हाडा कोणीतरी, निखारो हाडा."

मी खाली वाकलो आणि तिच्या डोळ्यांत बघितलं. मोठे तपकिरी डोळे होते तिचे. तपकिरी कुठे दिसेचना. काळ्या बाहुल्या पसरून डोळाभर झाल्या होत्या. त्या अर्काचं विष चढलं की डोळे असेच होतात, हे मला माहीत होतं. मालवणच्या त्या वाळूवर ते माहीत असलेला मी एकटा. भूत कसलं, हे माझ्या हातचं होतं. आणि आता तिच्या नाकाशी मिरच्यांचा धूर धरणार, पाणी देणार नाहीत, वर छडी. आत विष असताना ती पोर अर्धा तास टिकली नसती.

मी आधी खोटं बोललो. "घाडीनू, ह्याका ऊन लागलां. माझ्याकडे द्या, दवाखान्यात न्हेतंय."

"नऊ वाजाक नाय इले, ऊन खंयचां लागता? बाजूक व्हा."

मी तिला उचलायला गेलो तर दोघा-तिघांनी मला मागे ओढलं. झपाटलेल्याला मधेच हलवलं तर ते हलवणाऱ्याला धरतं, अशी समजूत. कोणीतरी करवंटीत निखारे आणलेही. मग मी ओरडलो, "भूत-बीत काय नाय! माझ्या औषधान झालां ह्यां. मी दिलेल्या औषधान!"

गर्दी थबकली. घाडीने मान वर केली. "कसलां औषध? धडधाकट चेडू. तेका काय झालां होतां?"

जानकी माझ्याकडे बघत होती. दोन्ही हात पुढे करून नको, नको म्हणत होती. काय करावं हे तिलाही कळत नव्हतं बहुतेक. मी दुसरा कुठलाही रोग सांगू शकलो असतो, हे मला पुढे शंभर वेळा सुचलं. ताप, जंत, खोकला, काहीही. त्या क्षणी डोक्यात दुसरं काहीच आलं नाही.

"तां हातरुणात मुतता," मी म्हटलं. "तेचां औषध."

मागून एक बाई हसली, फिस्सकन. आणखी कोणीतरी हसलं. आणि ज्या दोन बायकांनी शेवंतीचे हात धरले होते त्यांनी ते सोडून दिले. भूत अंगात असताना धरून ठेवलं होतं, आता हात साडीला पुसले. मी हे माझ्या डोळ्यांनी बघितलं आणि आजही ते आठवलं की माझं डोकं सणकतं.

वाट मोकळी झाली होती. मी पोरीला खांद्यावर टाकली आणि धावत सुटलो. डॉक्टर चहा पीत होते. मी धापा टाकत सगळं सांगितलं, मी केलेली वाढसुद्धा. त्यांनी पोट धुतलं, ओल्या चादरीत गुंडाळलं, खोली अंधारी केली, चमच्याने पाणी पाजत राहिले. दुपारी त्यांनी तिच्या ओटीपोटावर हात ठेवला आणि मला बोलावलं. पोट टम्म फुगलेलं. जे मूत्राशय अकरा वर्षं एक रात्र धरत नव्हतं, त्याला आता एक थेंब सोडता येत नव्हता. डॉक्टरांनी रबरी नळी घातली. मी भांडं धरून उभा होतो.

तेव्हा त्यांनी जानकीला बाटली मागितली. तिने पाटीतून काढून दिली. रुंद, चपटी, लख्ख बाटली. तिच्यावर पट्टी नव्हती.

"पट्टी खंय?" मी विचारलं.

"मीच खरवडून काडलंय." ती खाली बघत होती. "बाटलेर पट्टी दिसली की शेजारची विचारतत, कोण आजारी, काय झालां. देवाचां तीर्थ म्हणान फळयेर ठेयलेली."

"मगे माप कसां घेय?"

तिने दोन बोटं आडवी धरून दाखवली. जुन्या अरुंद बाटलीत दोन बोटं म्हणजे बरोबर एक डोस, हे तिने पहिल्याच दिवशी पट्टीवरून ताडून ठेवलं होतं. हुशारच बाई. रुंद बाटलीत तीच दोन बोटं म्हणजे तीन डोस होत होते. त्यात माझी वाढ. तीन रात्री पोरीने ते कसंबसं पचवलं, तोंड सुकलं तरी बोलली नाही, कारण रात्री कोरड्या जात होत्या. आणि रविवारी सकाळी, बोटीच्या डेकवर अनोळखी माणसांत निजायचं म्हणून, जानकीने आणखी दोन बोटं पाजली होती.

माझी इतकी सुंदर पट्टी बोटांच्या नखांनी खरवडली जात होती, आठवडेच्या आठवडे, आणि मी तिला टापटीप म्हणत होतो.

दुसऱ्या दिवशी शेवंतीने आईला ओळखलं. तिसऱ्या दिवशी पेज प्यायली. पोर वाचली. डॉक्टरांनी मला कामावरून काढलं नाही, नुसता हात पुढे केला. मी जानव्याची किल्ली सोडून त्यांच्या हातावर ठेवली. वर्षभर ती त्यांच्याकडेच होती. त्यानंतर मी कुठलीही बाटली भरताना विचारत असे, घरी कोणापासून लपवणार आहात का, आणि लपवणार असाल तर कशी. लोकांना माझा हा प्रश्न विक्षिप्त वाटायचा.

शेवंतीचं ते दुखणं पुढच्या वर्षी आपोआप थांबलं, कुठल्याही औषधाशिवाय, डॉक्टर म्हणाले होते तसंच. पण बोट त्या रविवारी वेळेवर सुटली होती. मावशी तिच्यातून गेली, आणि वाळूवर ज्यांनी ज्यांनी ऐकलं होतं त्यातले पन्नासएक जण तिच्याबरोबर गेले. बोट मुंबईला लागायच्या आधी बातमी डेकभर झाली असणार. आठवड्याने मावशीचं पत्र आलं. सासूबाई नको म्हणतात.

ते कळल्यावर मी तारकर्लीला गेलो. पाऊस तोंडावर आला होता. शेवंती अंगणात माडाची झापं विणत बसली होती, छपरावर घालायला. जानकी बाजारात होती. मी ओट्याच्या कडेला बसलो. काय बोलावं ते वाटभर ठरवत आलो होतो, त्यातलं काही आठवेना. शेवटी म्हटलं, माझं चुकलं.

तिने मान वर केली नाही. "तुमी कित्याक सांगितलास, काकानू?"

मी तिला समजावलं. ते धूर देणार होते, पाणी देणार नव्हते, तुला भूत लागलंय असं त्यांना वाटत होतं. सांगितलं नसतं तर तू आज ही झापं विणत नसतीस. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, शाळेत ऐकत असेल तसं. मग हातातलं पातं वाकवून दुसऱ्याखाली सरकवलं.

"भुताक कोंबो दिलो काय तां जाता," ती म्हणाली. "मगे मावशेन माका न्हेलां आसतां." तिने माझ्याकडे पाहिलं. तपकिरी डोळे, स्वच्छ, मोठे. "भुताक कोण हसणा नाय, काकानू."